दौरा नको, येणं-जाणं हवं!

‘महिला उद्योजकांचा परदेश अभ्यासदौरा’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात विमानतळावरचे ग्रुप फोटो, गळ्यातले आयकार्ड आणि लिंक्डइनवरची लांबलचक पोस्ट. पण या दौऱ्यांमुळे कुणाचा धंदा खरंच वाढतो? भिवंडीत कांडी भरणाऱ्या, धागे कापणाऱ्या, कामगारांचे डबे करणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काही पोहोचतं का? या दौऱ्यांचा पैसा आटत चाललाय, त्यामुळे हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

भिवंडीत पद्मानगर असो की शांतीनगर, गल्लीत शिरलं की माणसं दिसण्याआधी मागांचा खडखडाट ऐकू येतो. देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक. मागावर उभा असतो तो बहुतेक वेळा पुरुष. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला, बारा तासांची पाळी करणारा. पण त्या मागाच्या मागे-पुढे जी कामं चालतात त्यातली कितीतरी बायकांच्या हातात आहेत. कांडी भरायची, कापडाचे सुटे धागे कापायचे, घरी बसून माळा ओवायच्या, पॅकिंग करायचं आणि घरदार सोडून आलेल्या कामगारांसाठी खानावळ चालवायची.

आता प्रश्न असा की, या बाईला आपण काय म्हणायचं? कामगार म्हणावं तर तिला पगार नाही, पीएफ नाही, बोनस नाही. मिळतं ते नगावर किंवा डझनावर. उद्योजिका म्हणावं तर माल तिचा नाही, भाव ती ठरवत नाही, गिऱ्हाईक कोण हे तिला माहीत नाही. भाषणात तिला पटकन ‘उद्योजिका’ म्हटलं जातं, कारण शब्द ऐकायला छान वाटतो. शब्द बदलल्याने हातात पडणारे पैसे मात्र बदलत नाहीत.

सरकारी आकडे बघा. ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांपैकी २०२४च्या सुरुवातीला साधारण २० टक्के उद्योग बायकांच्या मालकीचे होते. म्हणजे पाचातला एक. पण एकूण उलाढालीत त्यांचा वाटा होता सुमारे १० टक्के. बायका धंद्यात उतरतायत, पण त्यांचे धंदे छोटेच राहतायत. भांडवल, बाजार आणि ओळखीपाळखी या तीन ठिकाणी गाडी अडते. परदेशी भेटींचे कार्यक्रम यातल्या तिसऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे आले. कुणीतरी दुसरी बाई हेच काम दुसऱ्या देशात कसं करते, ते जाऊन बघायचं. कल्पना उत्तम आहे. अडतं ते ती राबवण्यात.

भिशी सगळीकडे असते

या गोष्टीची सुरुवात कुठून धरायची? १९७५ चं साल धरू. संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली जागतिक महिला परिषद मेक्सिको सिटीत भरली होती. तिथे अहमदाबादहून गेल्या होत्या ‘सेवा’ संघटनेच्या इला भट. त्यांनी आदल्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, फेरीवाल्या आणि घरखटल्यात काम करणाऱ्या बायकांची स्वतःची बँक उभी केली होती. घानाहून आल्या होत्या एस्थर ओक्लू. त्यांची कहाणी तर सिनेमासारखी आहे. हातातल्या दहा शिलिंगांतून संत्री आणि साखर आणून मार्मालेड बनवून विकलं, तिथून सुरुवात केली. पुढे इंग्लंडला जाऊन फळं-अन्न टिकवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन स्वतःचा कारखाना वाढवला. न्यूयॉर्कच्या अर्थक्षेत्रातल्या मायकेला वॉल्शही त्या परिषदेत होत्या.

तिघींचे देश वेगळे, पण रडगाणं एकच. बाई रोज कमावते, रोज परतफेड करते, तरी बँक तिला दारात उभं करत नाही. त्या चर्चेतून ‘विमेन्स वर्ल्ड बँकिंग’ची कल्पना निघाली आणि १९७९ मध्ये संस्था नोंदली गेली. आज बायकांसाठीच्या छोट्या कर्जांबद्दल जगभरात जे बोललं जातं, त्यामागे या भेटीचा मोठा वाटा आहे.

यात भिवंडीचा काय संबंध? आपल्याकडे बायका भिशी लावतात. घानात तशाच पद्धतीला ‘सुसू’ म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकव्हेल’, इंडोनेशियात ‘अरिसान’. म्हणजे भिशीचा हिशेब तोंडपाठ असलेल्या भिवंडीच्या बाईला घानाच्या बाईशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही. दोघींना एकमेकींसमोर बसवण्याची व्यवस्था कोण करणार, एवढंच ठरायचं असतं.

भायखळ्याच्या फुटपाथवरून दक्षिण आफ्रिकेला

भिवंडीपासून दीड-दोन तासांवर, भायखळ्यात अशी व्यवस्था झाली होती. १९८० च्या दशकात तिथल्या फुटपाथवर झोपड्या बांधून राहणाऱ्या बायका ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने एकत्र आल्या. १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ सुरू झालं. कामाची पद्धत साधी होती. रोज घरोघर फिरून बचत गोळा करायची. एक रुपया असो वा पाच, पण रोज. त्यातूनच अडीनडीला आणि छोट्या धंद्याला कर्ज द्यायचं. पैसा गोळा करणारी बाई रोज दारात येते, त्यामुळे कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा माल पडून आहे हे सगळं तिला ठाऊक असतं. बँकेच्या फॉर्मवर ही माहिती कधीच मावत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडपट्ट्यांतली माणसं मुंबईत आली आणि ही पद्धत बघून गेली. मग इथल्या बायका तिकडे गेल्या. इंग्रजी येत नव्हतं, बऱ्याच जणींना सही करणंही अवघड होतं. पण बचतीचं पुस्तक, दुष्काळात गावाकडून आलेली माणसं, पालिकेची तोडफोड हे दोन्हीकडे सारखंच होतं. या येण्या-जाण्यातून तिकडेही बचतगट उभे राहिले. १९९६ मध्ये अनेक देशांतल्या अशा संघटनांनी मिळून ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ ही जागतिक संघटना स्थापन केली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शिकवायला कुणी तज्ज्ञ नव्हता. पॉवरपॉइंट नव्हतं. शिकणारी आणि शिकवणारी दोघीही त्याच परिस्थितीत राहणाऱ्या होत्या. आणि भेट एकतर्फी नव्हती. आधी ते आले, मग हे गेले, मग पुन्हा ते आले. याला दौरा म्हणत नाहीत. आपल्या साध्या भाषेत याला येणं-जाणं म्हणतात, जसं दोन घरांत असतं.

किल्लारीच्या बायका आणि तुर्की

दुसरं उदाहरण मराठवाड्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, या भागात भूकंप झाला. घरं पुन्हा बांधताना ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. सरकारी योजना काय आहे, सिमेंट किती लागतं, पैसे कुठे अडलेत हे त्या लोकांना समजावून सांगायच्या.

१९९९ मध्ये तुर्कीत मोठा भूकंप झाला, २००१ मध्ये आपल्याकडे कच्छमध्ये. तेव्हा अनुभवी कोण? ज्यांनी स्वतःचं घर पडताना पाहिलं आणि पुन्हा उभारलं त्या. मराठवाड्यातल्या बायका कच्छला गेल्या. तुर्कीतल्या भूकंपग्रस्त बायकांशीही भेटीगाठी झाल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हाच अनुभव तमिळनाडूत पोहोचला.

आता यात उद्योग कुठे आला? पुढे आला. घरबांधणीच्या निमित्ताने चार लोकांत बोलायला, ऑफिसात जाऊन प्रश्न विचारायला शिकलेल्या याच भागातल्या बायकांच्या जाळ्यातून नंतर सौरदिवे, सुधारित चुली विकणाऱ्या, कुक्कुटपालन करणाऱ्या उद्योजिका तयार झाल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या कमल कुंभार त्यापैकीच. त्यांना २०२१ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. परदेशवारीने कुणाला धंदा दिला नाही. ‘आपल्याला जे येतं ते दुसऱ्यांना हवंय’ ही खात्री दिली. धंद्याला भांडवलाइतकीच तीही लागते.

आधी म्हसवड, मग दावोस

एकट्याने जाऊन आलेल्यांचं काय? चेतना सिन्हांचं उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला त्यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेक जणी अंगठेबहाद्दर होत्या. त्या बायका शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईत अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली.

त्यानंतर २००२ मध्ये चेतनाताई अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ‘वर्ल्ड फेलो’ म्हणून गेल्या. परतल्यानंतर काही वर्षांत माणदेशीने ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं, नंतर ते बसमध्ये घालून गावोगाव फिरवलं. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या सात सहअध्यक्षांमध्ये त्या होत्या. त्या वर्षी सातही जणी महिला होत्या.

क्रम बघा. बँक आधी, येल नंतर. जे शिकून आल्या ते ओतायला घरी भांडं तयार होतं. भांडंच नसेल तर कितीही शिकून या, सगळं सांडून जातं. बरेच दौरे नेमके इथेच वाया जातात.

दौरे फसतात ते तीन ठिकाणी

पहिलं ठिकाण, निवड. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या १९४० पासून चालणाऱ्या ‘इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम’साठी अर्जच करता येत नाही. दूतावास आणि वकिलाती नावं सुचवतात. म्हणजे ज्यांच्यापर्यंत वकिलातीची नजर पोहोचते, त्यांचंच नाव जाणार. इतर कार्यक्रमांत अर्ज असतो, पण तो इंग्रजीत, ऑनलाइन आणि सोबत दोन मिनिटांचा ‘पिच’ व्हिडिओ. जिला हे सगळं जमतं तिला दौऱ्याची गरज त्या मानाने कमी असते.

दुसरं ठिकाण, वेळ. नगावर काम करणारी बाई दहा दिवस बाहेर गेली की दहा दिवसांची कमाई बुडते. खानावळवालीचं तर गिऱ्हाईकच शेजारच्या खानावळीत जातं. मुलं कोण बघणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? विमानाचं तिकीट फुकट असतं, घरचा खर्च कुणी भरून देत नाही. वरून पासपोर्ट. त्यासाठी लागणारे कागद ज्यांच्याकडे धड नाहीत, अशी भाड्याच्या खोल्यांत राहणारी कितीतरी कुटुंबं भिवंडीत आहेत.

तिसरं ठिकाण, परत आल्यानंतरचं. सत्कार होतो, शाल मिळते, पेपरात फोटो येतो. पण बँकेचा मॅनेजर तोच, माल देणारा शेठ तोच, भाव तोच. सोबत गट नसेल तर एकटी बाई काय बदलणार?

भाषेचं कारण मात्र सांगू नका. राजस्थानातल्या तिलोनिया गावात ‘बेअरफूट कॉलेज’ आहे. तिथे आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या गावांमधून आज्या यायच्या, सहा महिने राहायच्या आणि सौरदिव्यांचं सर्किट जोडायला शिकून जायच्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नसे आणि शिकवणाऱ्यांना त्यांची भाषा येत नसे. खुणा आणि रंगांचे संकेत यांवर काम चाललं. त्यांचा खर्च भारत सरकारच्या ‘आयटेक’ या योजनेतून व्हायचा. ही योजना १९६४ पासून चालू आहे. म्हणजे परदेशी पाहुण्यांना बोलावून शिकवण्यात आपण नवखे नाही. ‘सेवा’नेही सरकारच्या मदतीने काबूलमधल्या बायकांना कामं शिकवली, त्यातल्या काही जणी अहमदाबादला येऊन गेल्या.

पैसा कुणाचा, वारा कुठला?

हा विषय आत्ता का काढला? कारण अशा भेटींचा मोठा खर्च श्रीमंत देशांची सरकारं करत होती, आणि ते हात आखडतायत. अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत आणि शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीचा निधी रोखला. त्याचा फटका फुलब्राइटसारख्या नावाजलेल्या शिष्यवृत्तीलाही बसला. १ जुलै २०२५ पासून ‘यूएसएड’ ही संस्था स्वतंत्रपणे उरलीच नाही. अमेरिकेने आपल्या कापडावर वाढवलेल्या आयातशुल्काची झळही त्याच वर्षी लागली. निवडणूक तिकडे होते आणि भेट इकडे रद्द होते. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारं येणं-जाणं किती कच्चं असतं, ते यातून कळलं.

दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. त्यात कापड आणि कपड्यांना शुल्कात सवलत आहे आणि व्यापारातल्या स्त्री-पुरुष समानतेवर स्वतंत्र प्रकरणही आहे. कागदावर हे चांगलंच. पण भिवंडीत बनतं ते बहुतेक ग्रे कापड, म्हणजे रंगाई-छपाईआधीचं. परदेशी दुकानात पोहोचेपर्यंत ते किती हातांतून जातं! सवलतीचा फायदा त्या साखळीच्या कुठल्या टोकाला थांबतो आणि कांडी भरणाऱ्या बाईपर्यंत त्यातला एक पैसा तरी येतो का, हे विचारणारं कुणीतरी लागेल.

घरबसल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एक करार आहे, क्रमांक १७७. जून १९९६ मध्ये तो मंजूर झाला. घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असं तो म्हणतो. तो मंजूर व्हावा म्हणून ‘सेवा’ने इतर देशांतल्या संघटनांना सोबत घेऊन बरीच वर्षं किल्ला लढवला. हेसुद्धा येण्या-जाण्याचंच फळ. भारताने मात्र त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मग भिवंडीने काय करायचं?

माझं स्पष्ट मत आहे, भिवंडीतल्या बायकांची पहिली ‘आंतरराष्ट्रीय’ सहल लंडनला नको. ती भायखळ्याला जावी. मग म्हसवडला. मग मालेगाव-इचलकरंजीला, कारण माग तिथेही आहेत. कांडीचा दर तिथे काय, पैसे आठवड्याला मिळतात की महिन्याला, एवढं विचारून आल्या तरी तिकीट वसूल. एसटीने जाऊन येता येईल अशा भेटी सहा महिने केल्या, की गट आपोआप तयार होतो. भांडं तयार होतं. मग परदेशी पाहुण्यांना इथे बोलवा. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या शेजारी देशांतही घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या संघटना आहेत आणि ‘होमनेट साउथ एशिया’ हे त्यांचं एकत्र जाळं आहे.

खानावळवाल्यांकडे तर घरचाच वारसा आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, कापडाचं काम मोठ्या प्रमाणात भिवंडीसारख्या गावांकडे सरकलं. कामगार आले, खानावळी आल्या. संघटना तेवढी तिकडेच राहिली.

आणि तुम्ही? तुम्ही बीएनएनला असाल, मोमीन वुमेन्स कॉलेजात असाल किंवा रोज लोकलने ठाणे-मुंबईला जात असाल, या साखळीतला एक दुवा तुमच्याकडे आहे. भिवंडीच्या एका वर्गात मराठी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी बोलणारी मुलं एकत्र बसतात. दुभाषे म्हणून तुमच्यापेक्षा भारी टीम कुठे मिळणार? एनएसएस किंवा प्रोजेक्टसाठी पुन्हा तोच वृक्षारोपणाचा फोटो काढण्याआधी हे करून बघा. आपल्या गल्लीत घरी काम करणाऱ्या दहा जणींकडे जा. काम काय, नगाला दर काय, दिवसाला किती नग होतात, पैसे कधी मिळतात, हे वहीत लिहा. नावं लिहू नका, दर लिहा. ज्यांचा स्वतःचा छोटा धंदा आहे त्यांची ‘उद्यम’ नोंदणी करून द्या. ती मोफत असते, एजंटला पैसे द्यायचे नसतात. जिला पासपोर्ट काढायचाय तिच्यासोबत बसून फॉर्म भरा.

ती वही घेऊन चार जणी भायखळ्याला गेल्या, तर त्यांच्याकडे बोलायला आकडे असतील. उद्या ढाक्याची किंवा कोलंबोची एखादी ताई भिवंडीत आली आणि तिने विचारलं, ‘तुम्हाला डझनाला किती मिळतात?’ तर उत्तर देण्यासाठी कुणा साहेबाकडे बघावं लागणार नाही. वही उघडायची आणि सांगायचं. मग आपण विचारायचं, ‘आणि तुम्हाला?’